बोटीच्या रंगाखालची गिटार

मी दातांची डॉक्टर आहे आणि जुन्या हवाईन गिटारी जमवते. पहिल्या गोष्टीवर घर चालतं आणि दुसरीवरून घरात भांडणं होतात. साताऱ्यात खाली माझा दवाखाना आणि वरच्या खोलीत सात गिटारी, अशी आमच्या घराची रचना आहे. पाहुणे आले की झोपायला जागा नसते, म्हणून पाहुणे फारसे येत नाहीत. याचं श्रेय मात्र मला कोणी देत नाही.

हवाईन गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत, लोखंडी दांडी तारांवरून सरकवत नेतात, आणि सूर गळा काढल्यासारखा लांबत जातो. जुन्या सिनेमांतल्या गाण्यांत तुम्ही तो शंभर वेळा ऐकलेला असतो. एके काळी घरोघरी ही गिटार शिकायचे. आता ती माळ्यावर सापडते, नाहीतर भंगारात. माझा छंद ती तिथून बाहेर काढण्याचा आणि तिची खरी किंमत सांगण्याचा आहे. लोक फोटो पाठवतात, मी जाऊन बघते. माझ्यासोबत दातांची हत्यारं असतात. आरशाचा चमचा गिटारीच्या पोटात घालून आत चिकटवलेला कंपनीचा कागद वाचायला याहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही.

या वेळी फोटो आला होता बोईसरहून. पाठवणारे भालचंद्र राऊत, राहणार उमरोळी, नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आणि लग्नाच्या हंगामात हळदीच्या कार्यक्रमांत वादक. फोटो इतका अंधूक होता की त्यात गिटार आहे की पाट, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. तरी निघाले. नवरा, अविनाश, निवृत्त भूगोल शिक्षक आहे. तो सोबत आला तो ताज्या पापलेटाच्या आशेने. जुलै संपत आला होता आणि या दिवसांत समुद्रातली मासेमारी बंद असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी बोलले नाही.

बोईसर

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये आम्ही उतरलो. सकाळी खाली चहाला गेलो तर सगळी टेबलं पहिल्या पाळीच्या कामगारांनी भरलेली. सगळीकडे हिंदी, तीही चार प्रांतांची. एकाने अविनाशला सरकून जागा दिली आणि विचारलं, "चाचा, कौनसी कंपनी?" अविनाशने मोठ्या गंभीरपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "इनकी." तो माणूस माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागला की मला पोहे नीट खाता येईनात.

साताऱ्यात सकाळी सातला गावाला जाग येते, तेव्हा इथे एक पाळी घरी परतलेली असते आणि दुसरी डबे घेऊन निघालेली असते. रस्त्यात पाणी, खड्डे आणि त्यांतून वाट काढणाऱ्या सायकली. अविनाशची चप्पल पहिल्याच चौकात चिखलात रुतली आणि पट्टा तुटला. पुढचे तीन दिवस तो लॉजवाल्याने दिलेल्या निळ्या रबरी स्लीपरवर फिरला. डावी उजवीपेक्षा मोठी होती.

भालचंद्र राऊत आम्हाला घ्यायला आले. पन्नाशीचा सडसडीत माणूस, खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर. मोटारींच्या कॉइल भरण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलेलं. त्यांच्या मोटरसायकलीमागे आमची गाडी, असे आम्ही उमरोळीला पोचलो.

उमरोळी

घरासमोर भाताची खाचरं, मागे केळी. राऊतवहिनींनी काकडी आणि गूळ घातलेली पानमोडी केली होती, केळीच्या पानात शिजवलेली, वरून किंचित करपलेली. आमच्याकडे काकडीची कोशिंबीर होते आणि विषय संपतो. काकडीचा असा केक होऊ शकतो हे कळल्यावर अविनाशने पापलेटाचं नाव तासभर काढलं नाही.

मग गिटार आली. मी हातात घेतली आणि माझा चेहरा पडला असावा, कारण भालचंद्र हसायला लागले. ती घरीच केलेली होती. जुन्या सागवानी दाराची फळी कापून अंग केलेलं, आणि आवाज पकडणाऱ्या कॉइल त्यांनी स्वतः कारखान्यात शिकलेल्या हाताने भरलेल्या. एकेक वेढा असा शेजारी शेजारी बसवलेला की बघत राहावं. वाजवली तर आवाज मधाळ. पण जुनी नाही, दुर्मिळ नाही. संग्राहकांच्या बाजारात तिला कोणी विचारणार नाही, हे मला सांगावं लागलं.

"मंग मला कुटं इकायचीय?" भालचंद्र म्हणाले. "डॉक्टरीनबाई, खरं सांगतो. तुमाला बोलवायचं होतं दुसऱ्याच गिटारीसाठी. पन तिला बोटीचा रंग मारलाय. तिचा फोटो टाकला असता तर तुमी आला नसता."

खरं होतं. जुनं वाद्य रंगवलेलं असलं की त्याची निम्मी किंमत गेली, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. रंगवलेल्या गिटारीसाठी मी साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंतसुद्धा गेले नसते.

फसवली गेले होते, पण पानमोडी खाल्ल्यावर रागावता येत नाही. मी गोष्ट ऐकून घेतली. ती अशी.

दातिवऱ्याचे नारायण तांडेल भालचंद्रांचे गुरू. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खानसामा होते. होनोलुलूच्या बंदरात जहाज दुरुस्तीला महिनाभर थांबलं, तेव्हा केओकी नावाचा एक म्हातारा वादक रोज धक्क्यावर यायचा. नारायणदादा त्याला मासळीचं कालवण खाऊ घालायचे आणि तो त्यांना गिटार शिकवायचा. जहाज निघालं त्या दिवशी म्हाताऱ्याने आपली गिटारच त्यांना देऊन टाकली, आणि खिळ्याने मागच्या बाजूला दोघांची नावं कोरून दिली. नारायणदादांनी गावात येऊन हे सांगितलं आणि गाव हसलं. चोरबाजारातून आणली असेल, म्हणाले. केओकी हे काय माणसाचं नाव झालं, म्हणाले. पुढे कोणी थाप मारली की "हा केओकी बोलला" असं म्हणायची दातिवऱ्यात पद्धतच पडली.

"नावं कोरली होती तर दाखवायची ना," मी म्हटलं.

"पयल्याच पावसाळ्यात ती गिटार खाऱ्या वाऱ्यानं पांढरी पडाया लागली. म्हनून दादांनी तिला बोटीचा उरलेला रंग मारला. नावं खाली गेली. लोक म्हनायचे, खरवड नि दाखव. दादा म्हनायचे, ज्याला माझ्या शब्दावर भरोसा नाय त्याला मी दाखवनार नाय. दरवर्षी बोटीबरोबर तिला रंग. मरेपरेंत नाय खरवडली."

दादा दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांच्या पत्नीला, हिराबाईंना, ती नावं बघायची होती. पण घरच्या कोणाच्या हातून सुरी लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. गिटारीला ओरखडा पडेल ही भीती. कोणी जाणकार हवा होता.

त्या रात्री लॉजवर अविनाश म्हणाला, "आणि खाली काहीच नसलं तर?"

मी म्हटलं, "तर मी तसं सांगेन."

"त्या बाईला?"

मी दिवा मालवला. पण झोप लागली नाही, हे कबूल करते.

दातिवरे

सफाळ्यावरून आम्ही समुद्राकडे वळलो. दोन दिवस उघडीप होती आणि सगळं गाव तिचा फायदा घेत होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर, म्हणजे बोटी पाण्यात जायची वेळ. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींवरची झावळ्यांची शाकारणी उतरवून जो तो रंगवण्यात गुंतला होता. निळा, हिरवा, पिवळा, लाल. हवेला टर्पेंटाइनचा वास. आणि बोटी रंगवून उरलेला रंग इथे वाया जात नाही. दारं, खिडक्या, पाळणे, तुळशीवृंदावनं, पाण्याच्या टाक्या, सगळं त्या त्या घरच्या बोटीच्या रंगाचं. कुठलं घर कुठल्या बोटीचं हे परक्या माणसालाही कळावं. आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवतात तेव्हा उरलेला डबा कोपऱ्यात वाळून जातो.

तांडेलांच्या बोटीशी एक म्हातारे गृहस्थ ब्रश घेऊन बसले होते. भालचंद्रांनी ओळख करून दिली: धर्मा तांडेल, नारायणदादांचे जिवाभावाचे मित्र, त्यांच्याच बोटीवर चाळीस वर्षं सोबत गेलेले. मी कशाला आले ते ऐकून ते तोंडभर हसले. दात चारच, पण चारही मजबूत. मी नजरेने तपासून घेतले.

"केओकीला शोधाया आल्या? शोधा, शोधा. मी तर नाराला तोंडावर सांगायचो, तुजा केओकी भेंडी बाजारात ऱ्हातो."

हिराबाई घराच्या ओटीवर उभ्या होत्या. ठेंगण्या, ताठ, अंबाड्यात अबोलीचा गजरा. त्यांनी ते ऐकलं होतं. आम्हाला पाणी देताना त्यांनी पेले जरा जोरात ठेवले.

आधी जेवण, हा त्यांचा हुकूम. सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, चटणी. ताजी मासळी बंद आहे हे अविनाशला इथे, ताट समोर आल्यावर समजलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पण दुसरी भाकरी त्याने मागून घेतली आणि तिसरीला हिराबाईंनी विचारलंच नाही, वाढली.

मग त्यांचा मुलगा मधुकर गिटार घेऊन आला.

मी खूप गिटारी पाहिल्या आहेत, पण असं काही पाहिलेलं नव्हतं. भडक निळी, त्यावर पिवळी पट्टी, थेट बोटीसारखी. रंगाचा थर इतका जाड की कडा गोल झालेल्या. पण आकार पाहून मी ती मधुकरच्या हातातून ओढूनच घेतली. लहानशी गोल थाळी आणि तिला लांब दांडा, तव्याला मूठ असावी तसा. मी वजन पाहिलं. टिचकी मारली. माझ्या केसांतली पिन काढून जवळ नेली: अंगाला ती चिकटली नाही, म्हणजे लोखंड नव्हे, पण तारांवर कमान केलेल्या नालासारख्या दोन पट्ट्यांनी ती रंगातूनसुद्धा ओढून घेतली, म्हणजे ते चुंबक. अख्खी ॲल्युमिनियमची, एका ओतीव तुकड्यात केलेली. विजेवर वाजणाऱ्या गिटारींच्या अगदी पहिल्या पिढीतली. अशी गिटार मी आजवर फक्त छायाचित्रांत पाहिली होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिणार आहे, कारण प्रवासवर्णनात फक्त समुद्राबद्दल लिहून भागत नाही. मनात आलं, की यांना काहीच ठाऊक नाही. रंगवलेली आहे, किंमत नाही, असं म्हणून मी ती चार पैशांत घेऊन जाऊ शकते. हा विचार माझाच होता आणि तो बराच वेळ टिकला. अविनाश माझ्याकडे बघत होता. तीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं तर वाचता येतं.

"हिराबाई," मी म्हटलं, "आधी किंमत सांगते, मग खरवडते. ही फार दुर्मिळ आहे. योग्य गिऱ्हाइकाला विकलीत तर तुमच्या बोटीला नवं इंजिन येईल."

मधुकरने शीळ घातली. हिराबाई म्हणाल्या, "इंजिनाचं मागनं बगू. नावं बगा."

ओटीवर चटई टाकली. मी दातांवरचं कीटण काढायचं हत्यार घेतलं आणि गोल थाळीच्या पाठीवर काम सुरू केलं. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पांढरा, मग लाल. मधुकर आणि हिराबाई वरून सांगत होते. "ह्यो हिरवा, नवी बोट घेतली तवाचा." "ह्यो पांढरा नाय, पिवळट हाय, मधूचं लगीन." "ह्यो लाल मला आवडला नवता, मी सांगितलं होतं त्यांना." एकेक वर्ष टवका होऊन चटईवर पडत होतं. खालून जे ॲल्युमिनियम निघालं ते पाहून मी थक्क झाले. समुद्रावरच्या घरात ते एव्हाना खडूसारखं भुसभुशीत व्हायला हवं होतं. ते चकचकीत होतं. ज्या रंगाला मी नावं ठेवत आले होते त्यानेच ते राखलं होतं. आमच्या धंद्यातला पहिला धडा दातिवऱ्याला लागू नाही, एवढं मी शिकले.

पण नावं नव्हती.

मी तळहाताएवढी जागा मोकळी केली, मग दोन तळहातांएवढी, मग सगळी पाठ. दोन तास गेले. स्वच्छ, कोरा धातू. भालचंद्र खाली मान घालून बसले होते. बाहेर धर्मा तांडेल ब्रश धुताना काहीतरी गुणगुणत होते आणि ते गुणगुणणं मला असह्य झालं.

"ऱ्हाऊ द्या, बाय," हिराबाई म्हणाल्या. आवाज साधाच होता. "मला वाटलं होतं, असंल. नाय तर नाय." आणि त्या टवके गोळा करायला लागल्या. एकेक उचलून पदरात घेत होत्या, ते मला बघवेना. मला त्या क्षणी ती गिटार, तिची किंमत, माझी वरची खोली, काहीही नको होतं. फक्त ती दोन नावं हवी होती.

भालचंद्र अचानक म्हणाले, "बाई, तुमी खिळ्यानं नाव कोराया बसलात तर गिटार कशी धराल?"

"पालथी. मांडीवर."

"गोल पाठ मांडीवर डुगडुगती. खिळा सटकतो. मी कॉइलच्या डब्यांवर नंबर कोरतो ना रोज. मी असतो तर शेंडा टेबलावर दाबून धरला असता नि शेंड्याच्या मागं कोरलं असतं."

शेंडा म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग. खुंट्यांमधली ती जागा बोटभर रुंद, आणि तिथे रंग सगळ्यात जाड साठलेला. मी सगळ्यात बारीक हत्यार घेतलं. अक्कलदाढेच्या मागे पोचायला वापरते ते. निळा, हिरवा, पांढरा, लाल, पुन्हा निळा. मग हत्यार अडकलं. धातूत खाच होती. खाचेत रंग भरलेला. मी तो रंग टोकाने उकरला आणि एक उभी रेघ निघाली, मग तिरपी, मग पुन्हा उभी.

अर्ध्या तासाने सगळं मोकळं झालं. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, खिळ्याने रेटून काढलेली. वरच्या ओळीत केओकी. खालच्या ओळीत नारायण. आणि दोघांच्या मध्ये एक मासा, पोरांनी पाटीवर काढावा तसा.

अशा कोरीवकामाने वाद्याची किंमत कमी होते, हे मी सांगायला हवं होतं. मी हत्यार पुसून डबीत ठेवलं. अविनाशने चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला होनोलुलू किती लांब आहे ते ठाऊक असतं.

हिराबाईंना वाचता येत नाही. त्यांनी माझं बोट धरलं आणि म्हणाल्या, "कंचं अक्षर त्यांचं?" मी दाखवलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग गिटार काखेत मारली, पदर खोचला आणि चपला न घालता तडक बाहेर निघाल्या. आम्ही सगळे मागोमाग. निळ्या स्लीपरा फटफटवत अविनाश सगळ्यात शेवटी.

धर्मा तांडेल अजून बोटीपाशीच होते. हिराबाईंनी गिटारीचा शेंडा त्यांच्या नाकासमोर धरला. "डॉक्टरीन, वाच गं."

मी वाचलं.

"परत."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आतच वाचलं. शेजारच्या बोटींवरचे ब्रश थांबले होते.

धर्मा तांडेलांनी हात लुंगीला पुसले आणि अक्षरांना बोट लावलं. माशालाही लावलं. त्यांचा तो हसरा चेहरा हळूहळू पार बदलून गेला. "चाळीस वर्सं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं मी त्याला बोटीत चिडवला. जाळी वडताना चिडवला, जेवताना चिडवला. तो नुसता हसायचा. वयनी, मी मापी मागतो, पन आता कोनाची मागू? नारा कुटं हाय?"

"मी हाय ना," हिराबाई म्हणाल्या. "माजी माग."

धर्मा तांडेलांनी हात जोडले आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते नीट ऐकू आलं नाही.

हिराबाईंनी गिटार दुसऱ्या काखेत घेतली आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींवरून एकदा नजर फिरवली.

"मोट्यानं बोल, धर्मा," त्या म्हणाल्या. "हसला तवा मोट्यानं हसला होतास."